भाकर मोडण्याआधी

प्रस्तावना

ख्रिस्ती उपासनेविषयीच्या अगदी जुन्या लेखी तक्रारींपैकी एक तक्रार जेवणाबद्दलची आहे. इ. स. ५४-५५च्या सुमारास पौलाने इफिसहून करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले. करिंथ म्हणजे दोन बंदरांमधले, व्यापाराचे आणि पैशाचे शहर. तिथली मंडळी कुणा ऐपतदाराच्या घरी जमायची, एकत्र जेवायची आणि त्याच जेवणात प्रभूच्या मरणाचे स्मरण करायची. पौलाच्या कानावर आले, की ज्यांच्याकडे आहे ते आपापले आणलेले आधीच उरकून घेतात. कुणी पिऊन झिंगतो आणि कुणी उपाशीच राहतो. हे उपाशी राहणारे म्हणजे दिवसभर राबून उशिरा पोचणारे मजूर आणि गुलाम असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. पौलाचा निवाडा कडक आहे. तुम्ही खाता ते प्रभूचे भोजनच नाही, असे तो त्यांना सांगतो. भाकर होती, द्राक्षारस होता, प्रार्थनाही म्हटली गेली असेल. तरीही भोजन झाले नाही, कारण शेजारच्या माणसाला त्यातून वगळले होते.

या पुस्तकाचा प्रश्न मला त्या पत्रात सर्वांत स्वच्छ मांडलेला दिसतो. रविवारी सकाळी आपण देवळात जातो, गीते गातो, पापकबुली म्हणतो, वाचन ऐकतो, अर्पण टाकतो, आशीर्वाद घेऊन घरी येतो. यातले खरे किती? आणि ते खरे कशाने होते?

आपल्या मंडळ्यांत या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा संगीतावर येऊन थांबते. ‘उपासना संगीता’तली जुनी गीते म्हणायची की नवी कोरस, पेटी-तबला की गिटार-कीबोर्ड, हातात पुस्तक की भिंतीवर पडदा. वडीलधाऱ्यांना वाटते तरुणांनी देऊळ गाण्याच्या कार्यक्रमासारखे केले. तरुणांना वाटते वडीलधारी झोपेत गातात. दोन्ही तक्रारींत तथ्य असते. पण या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेली असते: मन हेलावले म्हणजे उपासना खरी झाली. मला हे मान्य नाही. मन हेलावणे ही देवाची देणगी आहे, आणि ती मिळाली तर हात पसरून घ्यावी. पण जिचा नवरा महिन्याभरापूर्वी गेला ती बाई कोरड्या डोळ्यांनी, न गाता, केवळ येऊन बसते. तिच्या त्या बसण्यात जितकी उपासना असते तितकी आमच्या टिपेच्या सुरात कित्येकदा नसते. देवासमोर आणि एकमेकांसमोर आपल्याविषयीचे खरे तेच बोलणे, देवाकडून जे ऐकायचे ते खरोखर ऐकणे, आणि यात कुणालाही बाहेर न ठेवणे, एवढे घडले तर उपासना झाली असे मी मानतो. मग पेटी असो की गिटार.

ऐकायचे म्हटले की समजणे आले. त्याच पत्रात पौल पुढे म्हणतो, की न कळणाऱ्या भाषेतल्या हजारो शब्दांपेक्षा मंडळीला कळतील असे पाचच शब्द त्याला अधिक मोलाचे वाटतात. मराठी ख्रिस्ती माणसांचा उपासनेचा इतिहास पुष्कळ अंशी या पाच शब्दांच्या शोधाचाच इतिहास आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षे, मरेपर्यंत, तिथेच राहिला. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांची पुराणे त्यांच्याकडून काढून घेतली गेली होती आणि त्या जागी गाण्या-ऐकण्यासारखे काही हाती आले नव्हते. आम्हालाही एखादे पुराण द्या, ही त्यांची मागणी स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराणा’तच नोंदवून ठेवली आहे. १६१६मध्ये राशोलला ते छापले गेले: जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन, कारण देवनागरी खिळेच हाताशी नव्हते. त्या काळी साष्टीत देवळे पाडली गेली होती आणि धर्मांतरामागे पोर्तुगीज सत्तेचे बळ होते. ते झाकून या ग्रंथाचे नुसते कौतुक करणे मला पटत नाही. तरी एका परक्या माणसाने त्या लोकांची भूक ओळखली, आपली भाषा बाजूला ठेवली आणि त्यांच्या ओवीत येशूचे चरित्र गायले, हेही तितकेच खरे. उपासना करणाऱ्याला आपल्या ओळखीच्या लयीत देवाचे नाव घेता आले पाहिजे, ही गोष्ट त्याला चारशे वर्षांपूर्वी उमगली होती.

वसईच्या कॅथलिकांना मात्र स्वतःच्या भाषेत मिस्सा ऐकायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज २१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. लोकभाषेला त्यात वाट मिळाली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उपासनेत लोकांनी पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय भाग घ्यावा ही अपेक्षा मध्यभागी आली. लॅटिनमध्ये मिस्सा चालू असताना मागे बसून माळ जपणाऱ्या आजीची भक्ती खोटी होती असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण वेदीवर काय चालले आहे हे तिला कळू द्यायला हवे होते.

पंडिता रमाबाईंनी याच कारणासाठी आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली. बायबलची मराठी भाषांतरे तेव्हा उपलब्ध होती, पण त्यांच्या केडगावच्या ‘मुक्ती’ संस्थेतल्या, दुष्काळातून वाचवून आणलेल्या बायका-मुलींना ती जड जात. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि शब्दाला शब्द शोधत त्यांनी सोप्या मराठीत सबंध बायबल उतरवले. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या; मुक्तीतल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून छापलेले ते बायबल १९२४मध्ये बाहेर पडले. संस्कृतची पंडिता म्हणून कलकत्त्याच्या विद्वानांनी गौरवलेली ही बाई. आपली सगळी विद्वत्ता तिने कमी शिकलेल्या बाईला देवाचे वचन कळावे यासाठी वापरली, यापेक्षा मोठे अर्पण मला सुचत नाही.

आज आपल्यापुढे हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा आहे. मुंबई-पुण्यातली आमची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, घरी मराठी बोलतात, पण बायबलची मराठी अडखळत वाचतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वाचनाची पाळी असलेल्या मुलाला शनिवारी संध्याकाळी कुणी जवळ बसवून तो उतारा दोनदा वाचून घेतला, ‘समेट’ म्हणजे काय, ‘करार’ म्हणजे काय हे सांगितले, तर रविवारी तो मुलगा वेगळाच वाचतो आणि ऐकणारेही मान वर करतात. वाचनाच्या तयारीवर या पुस्तकात एक अख्खे प्रकरण आहे. काहींना ते किरकोळ वाटेल. माझ्या मते सबंध पुस्तकातले सर्वांत उपयोगी प्रकरण तेच आहे.

गाण्याचा विषय टाळून चालणार नाही. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये झाला. त्याआधी मराठी देवळांत गीते होती, पण बरीचशी परक्या चालींत बसवलेली. मराठी शब्दांचे आघात त्या चालीत भलत्याच ठिकाणी पडत आणि गाणाऱ्याची जीभ ठेचकाळे. टिळकांनी अभंग, भजन, पदे लिहिली आणि मंडळीला तिचा गळा परत मिळाला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, हे ते मोकळेपणाने सांगत. त्यांच्याआधी नगर भागात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची पायवाट पाडलीच होती: उभा कीर्तनकार, मागे साथीदार, पूर्वरंग-उत्तररंग, आणि आख्यान येशूच्या दृष्टांताचे. बसल्या बसल्या प्रवचन ऐकणारी माणसे कीर्तनात टाळ्यांनी, हुंकारांनी, धृपद उचलून सामील होतात. भाग घेणे शिकवावे लागत नाही.

म्हणून गायकमंडळापुरते उरलेले गाणे मला खटकते. आमच्या कित्येक देवळांत आता ध्वनिवर्धक इतके मोठे झाले आहेत, की शेजारचा माणूस गातो आहे की नुसते ओठ हलवतो आहे हे कळत नाही. त्यालाही कळत नाही, आणि हळूहळू तो गायचे थांबवतो. ऑगस्टिनने ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या पुस्तकात एक टोचणी सांगितली आहे: गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्याच्या गोडव्यानेच आपले मन अधिक हलते, तेव्हा आपण अपराध करतो असे त्याला वाटे. म्हणून त्याने गाणे टाकून मात्र दिले नाही. विश्वासात आल्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत मंडळीचे गाणे ऐकून आलेले अश्रू त्याला आठवत होते. ही ओढाताण मनात जागी ठेवूनच गायला हवे.

पण गाण्याविषयी माझी खरी तक्रार वेगळी आहे. आपण रडायचे विसरलो आहोत.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांतली ढोबळमानाने एक तृतीयांश विलापाची आहेत. किती दिवस? का विसरलास? कुठे आहेस? असे ती देवाला तोंडावर विचारतात. बहुतेक स्तोत्रांचा शेवट विश्वासाकडे वळतो, पण ८८वे वळतच नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. यरुशलेमच्या विध्वंसावर अख्खे विलापगीताचे पुस्तक आहे. वधस्तंभावर येशूने मोठ्याने उच्चारला तो आक्रोश २२व्या स्तोत्राची सुरुवात आहे. देवाच्या पुत्राला शेवटच्या घटकेला ओठांवर घ्यायला विलापाची ओळ लागली, आणि आमच्या रविवारच्या यादीत तिला जागा नाही.

बाकावर कोण बसलेले असते ते एकदा नीट पाहावे. अवकाळी पावसाने कांदा सडलेला शेतकरी. कर्जाचा हप्ता थकलेला रिक्षावाला. गर्भ न टिकलेली सून, जिला गेल्या रविवारी कुणीतरी देवाची इच्छा म्हणून समजावून आले. दारू सोडतो-सोडतो म्हणणारा आणि न सुटणारा मुलगा, आणि त्याची आई. या सगळ्यांच्या हातात आम्ही ओळीने चार आनंदाची गीते देतो आणि पुढून उत्साहाने विचारतो, प्रभूमध्ये आनंदी आहात ना? ती माणसे हो म्हणतात. देवळातले खोटे बोलणे बहुधा इथून सुरू होते. ती ढोंगी नसतात. खरे बोलायला आम्ही त्यांना शब्दच दिलेले नसतात.

मराठी माणसाला तर हे परके असायला नको होते. विठ्ठलाशी भांडणारा, त्याला बोल लावणारा, रुसणारा तुकोबा आमच्या रक्तात आहे. टिळकांच्या अभंगातली आर्तता तिथूनच आली. आणि अशा तक्रारीत विश्वास कमी असतो असे नाही. जो ऐकत नाही त्याच्याकडे कुणी तक्रार घेऊन जात नाही. या पुस्तकात विलापाच्या उपासनेचा एक नमुना दिला आहे: आपत्तीनंतर, मंडळीत अकाली मृत्यू झाल्यावर किंवा काहीच कारण नसताना उपवासकाळातल्या एखाद्या शुक्रवारी घेता येईल असा. त्यात प्रवचन नाही. पाळकांना ते जड जाईल, हे मी जाणून आहे. तरीही तो तसाच घेऊन पाहावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

याचा अर्थ मी भावनेच्या विरोधात आहे असा कुणी घेऊ नये. १९०५मध्ये केडगावला मुक्तीत जे जागरण झाले त्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापे कबूल करीत. बाहेरून आलेल्या काहींना तो गोंधळ वाटला. रमाबाईंनी तो थांबवला नाही. मला यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते, की त्याच आवारात शेती होती, विणकाम होते, तेलघाणा होता, छापखाना होता, आंधळ्या मुलींसाठी शिक्षण होते. रात्री आसवे ढाळणाऱ्या मुली सकाळी पीठ दळत होत्या आणि नव्याने आलेल्या उपाशी पोरींना भरवत होत्या. भावनेला हात-पाय फुटलेले होते.

हात-पाय फुटणे म्हणजे काय हे आमोस संदेष्ट्याने इसवी सनापूर्वी आठव्या शतकात बेथेलच्या राजमान्य मंदिरात सांगून ठेवले. तो तकोवाचा मेंढपाळ. सण, यज्ञ, वीणेचे सूर, सगळे देवाला नकोसे झाले आहे, कारण दाराबाहेर गरिबाला चपलांच्या जोडाच्या किमतीला विकले जाते, असा त्याचा आरोप होता. त्याला तिथून हाकलून लावले गेले. येशूनेही डोंगरावर सांगितले, की वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. म्हणजे उपासना मध्येच सोडून जायची! आमच्याकडे दोन सख्खे भाऊ बांधाच्या भांडणात एकमेकांचे तोंड न पाहता वर्षानुवर्षे एकाच देवळात, एकाच ताटातून भाकर घेत राहतात आणि पाळकांसह सगळ्यांना ते माहीत असते.

आणि जात. यावर लिहिताना हात आखडता घेणे शक्य नाही. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांचा मोठा भाग ज्या वस्त्यांतून आला त्यांना गावच्या पाणवठ्याला हात लावण्याची मुभा नव्हती. त्यांच्यासाठी एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातला घोट हा उपदेशाहून मोठा उपदेश होता. ब्राह्मण घरातून आलेल्यांसाठी तो वेगळ्या अर्थाने अवघड होता. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त सोवळ्याओवळ्याचे ओझे आपल्या अंगावरून कसे उतरले हे इतक्या प्रांजळपणे लिहिले आहे, की प्रभुभोजनावरचे शंभर निबंध त्यापुढे फिके पडावेत. पण ते ओझे सगळ्यांच्या अंगावरून उतरले का? भारतात अनेक ठिकाणी ख्रिस्ती माणसांच्या बसण्याच्या जागा आणि कबरस्ताने जातीने वेगळी राहिली, आणि आपल्याकडेही सोयरीक जुळवताना पूर्वीची जात हळू आवाजात विचारली जाते. रविवारी जी भाकर एक आहे असे आपण म्हणतो ती सोमवारी लग्नाच्या बैठकीत का मोडते, हा प्रश्न उपासनेचाच प्रश्न आहे. करिंथच्या मंडळीला पौलाने जे सुनावले ते आम्हालाही लागू पडते.

ठरलेली उपासनापद्धती चांगली की उत्स्फूर्त, यावर मी फार पाने खर्च केलेली नाहीत. छापील प्रार्थना पाठ झाली म्हणून ती निर्जीव होत नाही. ज्या दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्या दिवशी तीच माणसाला उचलून धरते. उत्स्फूर्त प्रार्थनेचेही साचे होतात. दर रविवारी तीच सात वाक्ये, त्याच चढत्या सुरात. आमच्यातला मेथडिस्ट, कॅथलिक, मराठी मिशनचा आणि नव्या आराधना-केंद्रातला, प्रत्येकाकडे दुसऱ्याला शिकवण्यासारखे आहे. नव्या मंडळ्यांकडून साक्ष देण्याचा मोकळेपणा घ्यावा, आणि जुन्यांनी शास्त्रातले लांब उतारे शांतपणे वाचण्याची सवय त्यांना द्यावी. शांततेचीही सवय हवी. पापकबुलीआधी पूर्ण एक मिनिट कुणीही, अगदी वाजवणाऱ्यानेही, काही न करता थांबणे किती कठीण जाते ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

शेवटचे प्रकरण अनुपस्थितांवर आहे, आणि ते कुणी गाळू नये. इ. स. १५५च्या आसपास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या कैफियतीत ख्रिस्ती लोक रविवारी काय करतात याचे साधे वर्णन आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचतात. मग पुढारी बोध करतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते, उपकारस्तुती होते, लोक आमेन म्हणतात. वाटप होते आणि जे आले नाहीत त्यांच्यासाठी सेवक वाटा घेऊन जातात. ऐपत असलेले स्वेच्छेने देतात. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे यांची काळजी घेतली जाते. जस्टिनच्या लेखी हे सगळे एकाच दमात येते. कुठे उपासना संपली आणि कुठे सेवा सुरू झाली, हे त्याला वेगळे काढून सांगावेसे वाटलेले नाही. आपल्या मंडळीत अंथरुणाला खिळलेले, रविवारीही पाळीवर जाणारे, रुसून बसलेले आणि ज्यांना कुणी पुन्हा बोलावलेच नाही असे किती जण आहेत, त्यांची नावे लिहून काढण्यापासून त्या प्रकरणाची सुरुवात होते.

पुस्तक एका बैठकीत वाचून संपवण्यासाठी लिहिलेले नाही. पाळक, पंच, गायकमंडळ, संडेस्कूलचे शिक्षक आणि ज्यांना मंडळीत कसलेही पद नाही अशी दोन-तीन माणसे यांनी मिळून एकेक प्रकरण वाचावे, त्यातली एखादीच गोष्ट निवडावी आणि ती सलग महिनाभर करून पाहावी. वाचनाची तयारी, विलापाचे एक स्तोत्र, कबुलीआधीची शांतता, अनुपस्थितांचा वाटा, कुठूनही सुरुवात चालेल. जिथे माझे म्हणणे पटणार नाही तिथे आपसांत खुशाल वाद घालावा. मात्र त्या वादात बायका आणि तरुण मुले बोलतील एवढी काळजी घ्यावी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोरी पाने ठेवली आहेत. मंडळीने काय केले, काय जमले आणि काय सोडून द्यावे लागले हे त्यांवर लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या पंचमंडळाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.